गोळ्यांची पिशवी हातात देण्याआधी : वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

राधानगरी तालुक्यातले एक आजोबा. दमा आटोक्यात आला म्हणून घरी सोडलं आणि आठव्या दिवशी पुन्हा धापा टाकत हजर. मी विचारलं, "आजोबा, औषध बंद केलं होतं का?"

"छे हो सिस्टर. सकाळी एक, रात्री एक. एक बी चुकीवलं न्हाई. पाण्यासंगं घ्यायलोय की."

'पाण्यासंगं' ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या रोटाकॅप होत्या. मशीनमध्ये घालून, फोडून, तोंडानं आत ओढायच्या कॅप्सूल. आजोबा त्या आठ दिवस गिळत होते. मशीन पिशवीत तसंच होतं, खोक्याचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. आणि डिस्चार्जच्या दिवशी त्यांना औषधं समजावणारी सिस्टर मीच होते. 'सकाळी एक, रात्री एक,' असं मी सांगितलं होतं. समजलं का विचारल्यावर त्यांनी मान हलवली होती. त्यांनी माझं अक्षर न् अक्षर पाळलं.

तेव्हा मी नोकरीत नवीन होते. आता माझ्या हाताखाली दरवर्षी नर्सिंगचं जीएनएम आणि बीएस्सी झालेली नवी मुलं-मुली येतात. फार्माकॉलॉजीचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटलेला असतो, पण पेशंटसमोर औषधांची पिशवी उघडली की तोंडातून बाहेर पडतं तेच, 'सकाळी एक, रात्री एक.' त्यांना जे सांगते ते इथं क्रमानं लिहिते.

१. सुरुवात ॲडमिट झाल्याच्या दिवशी करा

डिस्चार्जच्या दिवशी बिल, मेडिक्लेम, बाहेर उभी रिक्षा यांतच सगळ्यांचा जीव अडकलेला असतो. त्या गडबडीत सांगितलेलं काही टिकत नाही. म्हणून पेशंट आला त्याच दिवशी नातेवाइकांना सांगा, "घरात जेवढी औषधं आहेत तेवढी पिशवी घेऊन या. चूर्ण, काढा, मलम, मेडिकलमधून आणलेल्या सुट्या गोळ्या, सगळं."

पिशवी आली की लॉकरवर ओता आणि एकेक स्ट्रिप बघा. बघायचं ते बारक्या अक्षरातलं औषधाचं मूळ नाव. वरचं ठळक नाव कंपनीचं असतं. मेडिकलमधली बीपीची गोळी आणि जनऔषधी केंद्रातली बीपीची गोळी, रंग वेगळा, नाव वेगळं, आत दोन्हीकडे टेल्मिसार्टन ४०. पेशंट दोन्ही घेत असतो आणि उठताना चक्कर येते म्हणून ॲडमिट होतो. जनऔषधीची गोळी उत्तम, स्वस्त आणि मी स्वतः घेते. फक्त ती जुन्या गोळीच्या जागी घ्यायची असते, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

त्याच पिशवीत अंगदुखीच्या गोळ्या हमखास सापडतात. ऊसतोडीच्या हंगामात तर असतातच. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, कधी नाव नसलेली पुडी. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही दुखण्याची गोळी, असं तिन्ही एकत्र आलं की किडनीवर ताण पडतो, त्यात दिवसभर उन्हात पाणी कमी. हे दिसलं की राऊंडला डॉक्टरांच्या कानावर घालायचंच. नाव नसलेल्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं, म्हणून ती पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. 'तसलं काय घेऊ नका' म्हणून ओरडलात तर पुढच्या वेळी ती पिशवीतून आधीच काढून ठेवतील.

२. औषधाची वेळ सांगण्याआधी त्यांचा दिवस विचारा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथं थोडी थांबणार आहे.

करवीर तालुक्यातल्या एका मावशींना ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी होती, 'सकाळी नाष्ट्याआधी.' शुगर वारंवार खाली जायची. सगळे म्हणायचे डोस जास्त होतोय. मी त्यांच्या खाटेवर बसले आणि विचारलं, "मावशी, उठल्यापासून काय काय करता, सांगा बघू."

साडेचारला उठायचं. शेण, वैरण, म्हशींच्या धारा. सहाला दूध डेअरीला. तिथून आल्यावर कोरा चहा, आणि चहाबरोबर गोळी. मग भांगलणीला. भाकरी कधी? "शेतातनं आल्यावर, अकराला."

म्हणजे स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेणारी गोळी सहाला पोटात आणि अन्न पाच तासांनी, मधे शेतातलं काम. त्यांच्या घरात 'नाष्टा' ही गोष्टच नव्हती, तेव्हा 'नाष्ट्याआधी'चा अर्थ त्यांनी चहाशी लावला. हा सगळा दिवस मी केसपेपरवर लिहून डॉक्टरांना दाखवला. त्यांनी गोळी भाकरीच्या वेळेवर नेली. डोस तोच राहिला. वेळ किंवा डोस आपल्या मनानं बदलायचा नाही, ते काम डॉक्टरांचं. पण ही माहिती त्यांच्यापर्यंत नेणारं माणूस तुम्हीच.

म्हणून विचारा : किती वाजता उठता, पहिला घास कधी, रात्रपाळी आहे का (इचलकरंजीच्या मागावर आणि एमआयडीसीत काम करणारे बरेच भेटतील, त्यांची सकाळ संध्याकाळी होते), गोळ्या कोण देतं. गोळ्या सूनबाई देत असतील तर समजावताना सूनबाई समोर हव्यात. ती कामावर असेल तर व्हिजिटिंगच्या वेळेला थांबवून घ्या.

दोन शब्द जपून वापरा. एक, 'उपाशीपोटी.' आपल्याकडे चहा पिणं म्हणजे खाणं नव्हे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी म्हटलं की माणूस ती चहाबरोबर घेतो आणि वर शपथ घेऊन सांगतो की उपाशीच होतो. "आधी गोळी साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा-पाऊण तास काही नाही, चहासुद्धा नाही," असं फोडून सांगा. दुसरा शब्द 'दुधाबरोबर.' इथं दुधाला कोण नाही म्हणेल? कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणारं हे गाव. त्यामुळे ताकदीची गोळी म्हटली की हात दुधाच्या पेल्याकडे जातोच. पण लोहाची गोळी, डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि थायरॉइडची गोळी दुधाबरोबर घेतली की अंगी कमी लागते. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगा. कॅल्शियम आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायला सांगा.

आणि चिठ्ठीवरचं '१-०-१' (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) पेशंटला कळतं असं कधीही गृहीत धरू नका. एकदा एका आजींनी मला विचारलं, "एकशे एक गोळ्या व्हय गं?" हसू आलं, पण त्यांचं काय चुकलं?

३. प्रत्येक औषधाची चार उत्तरं तयार ठेवा

सगळं पुस्तक पाठ ठेवायला जाऊ नका. आपल्या वॉर्डात रोज लागणारी वीस-पंचवीस औषधं काढा, खिशातल्या छोट्या डायरीत प्रत्येकाला एक पान द्या. कशासाठी? कधी आणि कशाबरोबर? काय झालं तर घाबरायचं नाही? काय झालं तर लगेच यायचं? बाकीचं हळूहळू येतं.

तिसरा प्रश्न विद्यार्थी नेहमी विसरतात आणि औषध तिथंच बंद पडतं. टीबीच्या रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते. सांगितलं नसेल तर माणूस रक्त पडतंय समजून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतो. लोहाच्या गोळीनं शौच काळी होते. बीपीच्या गोळ्यांपैकी ॲम्लोडिपिननं पायावर सूज येऊ शकते, रामिप्रिल-एनालाप्रिलनं कोरडा खोकला येऊ शकतो. हे दोन्ही डॉक्टरांना सांगायचं, गोळी आपली आपण सोडायची नाही. मेट्रोनिडाझोलनं तोंड कडवट होतं आणि त्या काळात दारू चालत नाही (हे बायकोसमोर सांगा, उपयोग होतो). लघवीची गोळी शक्यतो सकाळी, नाहीतर म्हातारं माणूस रात्री चार वेळा उठतं आणि मोरीत पडतं.

'एसआर', 'एक्सएल' असं लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या फोडायच्या-कुटायच्या नाहीत. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून बदलून घ्या.

४. काही औषधांपाशी थांबाच

इन्सुलिन सगळ्यात आधी. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० ताकदीचं, म्हणजे १ मि.ली.मध्ये ४० युनिट. त्याची सिरिंजही ४०ची, लाल टोपणाची. पेन आणि कार्ट्रिजमधलं १०० ताकदीचं, १०० च्या सिरिंजचं टोपण केशरी. आता एखाद्यानं पेन मोडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अर्धा मि.ली. येतं आणि त्यात ५० युनिट असतात. वीसऐवजी पन्नास. उलट, ४० च्या बाटलीतून केशरी टोपणानं २० ओढलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन आकडा जुळवून दाखवा, आणि कार्ट्रिजला सिरिंज लावायचीच नाही हे ठणकावून सांगा. ट्रीटमेंट शीटवर लिहिताना 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी 'यू' घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरात असलेलं साधारण चार आठवडे घरात गार जागी चालतं. फ्रिज नसेल तर डब्यात घालून ओल्या मडक्यात ठेवायला सांगा. चैत्रात जोतिबाला जाताना गाडीच्या डिकीत मात्र नको.

इन्सुलिनबरोबरच शुगर खाली गेल्याची खूण शिकवा. दरदरून घाम, हाताला कंप, एकदम भूक, असंबद्ध बोलणं. शुगर ७० च्या खाली असेल किंवा मोजायला मशीन नसेल तरी तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, बरं वाटलं की भाकरी-भात खायचा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन. हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर कंप-धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो, हे सांगून ठेवा.

मेथोट्रेक्झेट. संधिवाताला आणि सोरायसिसला आठवड्यातून एकदा देतात. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात, जीव जाऊ शकतो. चिठ्ठीवर वार लिहिलाय का बघा, नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. मी स्ट्रिपवर मार्करनं 'फक्त सोमवार' असं ठळक लिहिते आणि सांगते की आठवड्याच्या बाजारासारखी ही एकदाच. तिच्या जोडीला दिलेली फोलिक ॲसिडची गोळी कुठल्या वारी, तेही शेजारीच लिहायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे वॉरफॅरिन, ॲसेनोकूमारॉल. व्हॉल्व्हच्या पेशंटना असतात. पालेभाजी बंद करू नका, पण एक आठवडा रोज मेथी-शेपू आणि दुसरा आठवडा काहीच नाही, असंही करू नका. आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते बघायच्या तपासणीची तारीख चुकवायची नाही. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही. हिरड्यांतून रक्त, काळी डांबरासारखी शौच, डोक्याला मार लागणं यातलं काहीही झालं की तडक दवाखाना.

जिभेखालची सॉर्बिट्रेट. बसून घ्यायची, गिळायची नाही. पाच मिनिटांत छातीतलं दुखणं गेलं नाही की १०८. आणि गोळी कपाटात कुलपात नको, उशाशी आणि खिशात हवी.

लहान मुलांचं पॅरासिटामॉल. यात आई-वडिलांची चूक नाही, बाटल्याच तशा आहेत. सिरपमध्ये ५ मि.ली.ला १२५ मि.ग्रॅ. असतं, काहींत २५०, आणि थेंबांच्या बाटलीत १ मि.ली.ला १००. दहा किलोच्या बाळाला १५० मि.ग्रॅ. द्यायचं तर १२५ च्या सिरपमधून ६ मि.ली., थेंबांतून फक्त दीड मि.ली. सिरप संपलं म्हणून शेजारणीकडची थेंबांची बाटली आणली आणि तेवढेच ६ मि.ली. दिले, तर चौपट डोस झाला. घरातला चमचा वापरू देऊ नका. औषधाबरोबरच्या मापावर रेघ मारून द्या.

५. आता त्यांना करून दाखवायला लावा

"समजलं का?" हा प्रश्न विचारायचंच सोडा. आपल्याकडे सिस्टरला 'नाही समजलं' म्हणणं लोकांना अवघड वाटतं, मान हलतेच. त्याऐवजी असं म्हणा, "मी नीट सांगितलं का नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाईंना कसं सांगाल?" चूक आपल्यावर घेतली की माणूस मोकळा होतो. पंप, रोटाकॅप, इन्सुलिन, डोळ्यांतले थेंब हे तर हातानंच करून दाखवायला लावायचं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला सांगा, नाहीतर तोंडात पांढरं येतं. त्या रोटाकॅप गिळणाऱ्या आजोबांचं पहिलं ओढणं फुसकं निघालं होतं, ते त्यांनी नर्सिंग स्टेशनसमोर उभं राहून पाच वेळा केलं तेव्हा कुठं जमलं.

एका बैठकीत तीन गोष्टींपेक्षा जास्त सांगू नका. उरलेलं संध्याकाळच्या गोळ्या देताना, प्रत्येक वेळी एकेका गोळीचं नाव आणि काम सांगत.

वाचता येत नसेल तर खोक्यावर सूर्य आणि चंद्र काढा. निपाणीकडून येणारे काही पेशंट कन्नड बोलतात. नातेवाइकांपैकी मराठी येणाऱ्याला बोलवा, आणि तुम्हाला उलट सांगायलाही त्याच्याकरवी लावा. स्ट्रिप कापून द्यायची वेळ आली तर नाव आणि मुदतीची तारीख पेशंटकडच्या तुकड्यावर राहील असं कापा.

६. 'पथ्य काय?' आणि उपवास

हा प्रश्न येणारच. 'पथ्य काही नाही' म्हणून मोकळं होऊ नका, कारण मग शेजारीण सांगेल ते पथ्य चालू होतं. तांबडा-पांढरा रस्सा बंद करतील आणि गुळाचा चहा चार वेळा घेतील. गूळ कोल्हापूरचा असला तरी शुगरला तो साखरच आहे, हे हसत-हसत पण स्पष्ट सांगा.

नवरात्राचे नऊ दिवस, एकादशी, रोजे. 'उपवास करू नका' असं फर्मान काढलं तर लोक उपवास करतात आणि सांगत नाहीत. आधीच विचारा, "नवरात्र धरता का? कसं धरता, एकभुक्त की नुसत्या फराळावर?" आणि ते डॉक्टरांना सांगून त्या दिवसांची गोळी-इन्सुलिन लिहून घ्या. पावसाळ्यात प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या पेशंटना मी पंधरा दिवसांची औषधं आणि चिठ्ठीचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवायला सांगते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घर सोडताना किती जणांची इन्सुलिन मागे राहिली, ते शिबिरांमध्ये दिसलं.

७. चुकलंच तर

तुमच्या हातून चुकीचं औषध गेलं तर आधी पेशंटकडे, लगेच डॉक्टरांकडे, मग लिहिणं. लपवलेली चूक दुसऱ्या ड्युटीत पुन्हा होते. पोटॅशियम क्लोराइड, हेपारिन, इन्सुलिन देताना दुसऱ्या सिस्टरला ॲम्प्यूल दाखवूनच द्या. हेपारिनच्या ५,००० आणि २५,००० युनिटच्या बाटल्या एकाच ट्रेमध्ये दिसल्या तर त्या वेगळ्या करणं हेही तुमचंच काम.

औषधाचा वाईट परिणाम दिसला, अंगावर पुरळ, तोंड सुजणं, काहीही, तर तो कळवायचा अधिकार नर्सलाही आहे. २०१० पासून देशात फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या वाईट परिणामांवर नजर ठेवायचा कार्यक्रम चालू आहे, त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. फॉर्म भरायला खात्री लागत नाही, संशय पुरतो.

८. फेरतपासणीला रिकाम्या स्ट्रिप मागा

पंधरा दिवसांच्या दोन वेळच्या तीस गोळ्या. आठ उरल्या असतील तर रागावू नका, विचारा. कागलच्या एका आजींच्या फक्त रात्रीच्याच गोळ्या उरायच्या. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "दोन्ही पांढऱ्या गं बाई. दिवसा कळतं, रातचं दिसत न्हाई, मग चुकीची नको म्हणून घेतच न्हाई." मी रात्रीच्या स्ट्रिपला रबर गुंडाळून दिला, हाताला लागला की ती रात्रीची. पुढच्या महिन्यात स्ट्रिप रिकामी आली. रबर नातीच्या वेणीला होता, म्हणून दुसरा दिला.